बिनपरवान्याची हेरगिरी

स्थळाची चौकशी केल्यावाचून मुलगी देऊ नये, ही आपल्या समाजाची जुनी रीत आहे आणि तिच्यात वावगे असे काही नाही. पूर्वी ही चौकशी मामा करीत, आतेचे यजमान करीत, किंवा मुलाच्या कचेरीत ओळखीचा एखादा हेडक्लार्क असला तर तो करी. चौकशी करणारा माणूस कोण, हे दोन्ही घरांना बहुधा ठाऊक असे. त्याने काही भलतेसलते सांगितले, तर पुढच्या लग्नकार्यात त्याला चारचौघांपुढे तोंड दाखवावे लागे. आज मुंबई-पुण्यासारख्या शहरांत हीच चौकशी पैसे मोजून परक्याकडून करविली जाते. वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिरातींत वधूवरांच्या रकान्यापासून चार बोटांच्या अंतरावर गुप्तहेर संस्थांच्या जाहिराती आढळतात. विवाहपूर्व चौकशी, विवाहानंतरचा संशय, नोकराची पडताळणी, हरवलेल्या माणसाचा शोध, सर्व काही पूर्ण गुप्ततेच्या हमीने. ही हमी अर्थातच गिऱ्हाइकाला असते. ज्याच्यावर पाळत ठेवायची त्या माणसाला कायद्याची कोणती हमी आहे, हा प्रश्न जाहिरात देणारा विचारीत नाही, जाहिरात वाचणाराही विचारीत नाही. आज आम्ही तो विचारीत आहोत.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. भारतीय कायद्याच्या दृष्टीने खाजगी गुप्तहेर या नावाचा कोणी व्यावसायिक अस्तित्वातच नाही. वकिलाला सनद लागते, डॉक्टरला नोंदणी लागते, विमा कंपनीसाठी नुकसानीचे मोजमाप करणाऱ्या सर्वेक्षकालाही परवाना लागतो. इमारतीच्या फाटकाशी काठी घेऊन बसणारा पहारेकरी ज्या संस्थेमार्फत येतो, तिला तर २००५ च्या खाजगी सुरक्षा संस्था नियमन कायद्याने परवान्याची सक्ती केली असून त्या पहारेकऱ्याच्या पूर्वचारित्र्याची पडताळणी आणि त्याचे प्रशिक्षण यांचेही नियम घालून दिले आहेत. परंतु त्याच फाटकासमोर गाडीत बसून आतल्या रहिवाशांची छायाचित्रे घेणाऱ्या माणसाला हा कायदा लागू नाही. कारण त्या कायद्याचा विषय रक्षण हा आहे, शोध हा नाही. दुकान किंवा कंपनी म्हणून जी नोंद कोणाही व्यापाऱ्याला करावी लागते, तेवढ्या नोंदीच्या बळावर कोणीही उद्या हा धंदा सुरू करू शकतो. त्याचे शिक्षण काय, पूर्वी त्याच्यावर खटले होते काय, हे विचारणारे कोणी नाही.

ही उणीव राज्यकर्त्यांच्या ध्यानात आली नव्हती असे मात्र म्हणता येणार नाही. २००७ साली केंद्र सरकारने खाजगी गुप्तहेर संस्थांच्या नियमनाचे विधेयक राज्यसभेत मांडले होते. केंद्रात व राज्यांत नियामक मंडळे नेमावीत आणि परवाना सक्तीचा करावा, अशी त्याची योजना होती. गृहखात्याच्या संसदीय स्थायी समितीने २००९ मध्ये त्यावर आपला अहवालही दिला. पुढे ते विधेयक वर्षानुवर्षे नुसते पडून राहिले आणि अखेर सरकारने ते मागे घेतले. त्याच्या जागी दुसरा केंद्रीय कायदा झालेला नाही. ज्या काळात एका खिशात मावणाऱ्या यंत्राने माणसाचे बोलणे, चालणे, खर्च आणि सहवास या सर्वांची नोंद ठेवण्यास प्रारंभ केला, नेमक्या त्याच काळात संसदेने या विषयावरून आपली नजर काढून घ्यावी, हा योगायोग विलक्षण म्हटला पाहिजे.

परवाना नाही म्हणून हा धंदा बेकायदा ठरत नाही. जे कोणाही नागरिकाला करण्याची मुभा आहे तेवढेच गुप्तहेराला करता येते, त्याहून तसूभरही अधिक नाही, असा याचा अर्थ आहे. सार्वजनिक रस्त्यावर उभे राहून कोण कोठे जातो ते पाहण्यास बंदी नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलण्यास बंदी नाही. सात-बाराचा उतारा, दुय्यम निबंधकाच्या कचेरीतील सूची क्रमांक दोन, कंपनी निबंधकाकडे दाखल झालेले कागद, मतदारयादी, न्यायालयांच्या संकेतस्थळावरील खटल्यांची माहिती, ही सर्व सामग्री कोणालाही पाहता येते. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि धनंजय यांच्या पराक्रमांवर ज्यांची रात्र-रात्र गेली, त्या पिढीला हे ऐकून कदाचित वाईट वाटेल. परंतु प्रामाणिक गुप्तहेराचा बहुतेक वेळ कागद चाळण्यात आणि चहाच्या टपरीवर वाट पाहण्यात जातो. नियोजित वराने आपल्या नावावर सांगितलेला फ्लॅट प्रत्यक्षात कोणाच्या नावावर आहे, त्याच्यावर फसवणुकीचा खटला चालू आहे काय, ज्या कंपनीचा तो संचालक म्हणवितो ती कंपनी चालू आहे की बंद पडली आहे, एवढ्या गोष्टी शोधून काढण्यास कोणताही कायदा मोडावा लागत नाही. थोडी अक्कल, पुष्कळ चिकाटी आणि सरकारी दप्तराची ओळख एवढे त्याला पुरेसे होते.

याच्या पलीकडे पाऊल पडले की कायद्याची हद्द लागते. गुप्तहेराला झडती घेता येत नाही, साक्षीदाराला बोलावता येत नाही, बँकेकडून कोणाचे खाते मागविता येत नाही. अटकेचा म्हणाल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४० व्या कलमाप्रमाणे आपल्या समक्ष दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला कोणीही खाजगी माणूस पकडू शकतो, मात्र सहा तासांच्या आत त्याने त्याला पोलिसांच्या हवाली केले पाहिजे. हा अधिकार कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यालाही तितकाच आहे. आपण पोलीस असल्याची बतावणी करून एखाद्याने त्या जोरावर काही केले, तर भारतीय न्याय संहितेच्या २०४ व्या कलमाखाली तो गुन्हा होतो. दुसऱ्याच्या घरात शिरणे हे अतिक्रमण, दुसऱ्याच्या संगणकात शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील अपराध. मिळालेल्या माहितीचा धाक घालून पैसे उकळले तर ती खंडणी होते. येथपर्यंत संदिग्धता नाही.

धंद्याचे खरे दुखणे निराळ्या ठिकाणी आहे. गिऱ्हाइकाला सात-बाराचा उतारा नको असतो. आपली पत्नी, आपला पती, आपला भागीदार रात्री कोणाशी बोलतो, हे त्याला हवे असते. दूरध्वनी कंपनीच्या दप्तरात प्रत्येक संभाषणाची नोंद असते: कोणी कोणाला, किती वाजता, किती वेळ, आणि त्या वेळी यंत्र कोणत्या मनोऱ्याच्या टप्प्यात होते. प्रत्यक्ष बोलणे त्यात नसते, पण महिन्याभराच्या अशा नोंदी समोर ठेवल्या तर माणसाची दिनचर्या उघडी पडते. या नोंदी मागविण्याचा अधिकार कायद्याने तपास करणाऱ्या यंत्रणांना दिला आहे आणि तोही वरिष्ठ अधिकाऱ्यामार्फत बजावावयाचा आहे. गुप्तहेराला तो मुळीच नाही. म्हणून त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात. एक तर कंपनीतील कोणी फितूर करावयाचा, नाही तर पोलीस ठाण्यातील.

ही केवळ कल्पना नव्हे. २०१३ साली राज्यसभेतील तत्कालीन विरोधी पक्षनेते अरुण जेटली यांच्या दूरध्वनीच्या नोंदी बेकायदा मिळविण्याचा प्रकार उघडकीस आला, तेव्हा दिल्ली पोलिसांनी अटक केलेल्यांत त्यांच्याच दलातील एक शिपाई होता आणि खाजगी गुप्तहेरही होते. पुढे २०१८ च्या आरंभी आपल्या शेजारी ठाण्यात अशा नोंदींची विक्री करणाऱ्यांवर पोलिसांनी कारवाई केली, तेव्हाही गुप्तहेर पकडले गेले. अटक झाली म्हणजे दोष सिद्ध झाला असे आम्ही मानीत नाही. त्या प्रकरणांतील व्यक्तींविषयी आम्हांस येथे काही म्हणावयाचे नाही. परंतु विरोधी पक्षाच्या नेत्याच्या नोंदी जेथे बाहेर जाऊ शकतात, तेथे दादर किंवा डोंबिवलीच्या गृहिणीच्या नोंदी कितपत सुरक्षित असतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने दूरसंचार कंपनीकडील माहितीवर अनधिकृत हात टाकणे व संदेश चोरून ऐकणे यांसाठी तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी कडक शिक्षा सांगितली आहे. शिक्षा कडक झाली हे योग्यच झाले. पण अशा प्रकरणांत माहिती विकणारा सापडतो, दलाल सापडतो, आणि ज्याने ती विकत घेतली त्या गिऱ्हाइकाच्या प्रतिष्ठेला सहसा धक्काही लागत नाही. चोरीचा माल जाणूनबुजून घेणाराला आपण गुन्हेगार समजतो; मग चोरीच्या माहितीचा गिऱ्हाईक सभ्य गृहस्थ कसा काय ठरतो?

पाळत ठेवली जाते ती बहुतेक वेळा स्त्रीवर, ही गोष्टही नजरेआड करून चालणार नाही. २०१३ च्या दुरुस्तीने पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा झाला आणि आज तो न्याय संहितेच्या ७८ व्या कलमात आहे. या कलमाची रचना मोठी बोधप्रद आहे. स्त्रीने नापसंती स्पष्ट दर्शविल्यानंतरही तिच्या मागे लागून पुन्हा पुन्हा संपर्क साधू पाहणारा पुरुष त्यात सापडतो. तिच्या इंटरनेटच्या, ई-मेलच्या किंवा अन्य इलेक्ट्रॉनिक संपर्काच्या वापरावर नजर ठेवणारा पुरुषही सापडतो. परंतु तिच्याशी चकार शब्द न बोलता, शंभर पावलांचे अंतर राखून, महिनाभर तिच्या मागोमाग हिंडणारा माणूस पहिल्या भागात बसत नाही. कारण तो संपर्क साधीतच नाही. तिच्या गाडीला ठावठिकाणा कळविणारे यंत्र गुपचूप चिकटविले, तर त्या कृत्याचा संहितेत नामनिर्देश नाही. हे काम एखाद्या स्त्री कर्मचाऱ्याकडून करविले, तर कलम पुरुषाविषयीच बोलत असल्यामुळे प्रश्नच मिटतो. गुन्ह्याचा प्रतिबंध अथवा शोध करण्याची जबाबदारी राज्याने ज्याच्यावर सोपविली आहे त्याला या कलमातून सूट आहे. ती सूट खाजगी गुप्तहेराला मिळणार नाही, कारण राज्याने त्याच्यावर काहीच सोपविलेले नाही. बहिर्जी नाईक स्वराज्याचे हेर होते. हा गिऱ्हाइकाचा आहे. मात्र विशिष्ट परिस्थितीत वर्तन वाजवी व समर्थनीय असल्यासही सूट मिळते, आणि संशयी पतीच्या पैशाने केलेली पाळत वाजवी काय, याचे उत्तर देण्याचे काम शेवटी न्यायाधीशावर येऊन पडते.

न्यायालयांकडे वळल्यावर चित्र अधिकच गुंतागुंतीचे होते. मुंबईच्या कॉरोनरविरुद्धच्या लाचलुचपतीच्या प्रकरणात, म्हणजे मलकानी खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली असे ठरविले की, ध्वनिमुद्रित संभाषण गैर मार्गाने मिळविले असले तरी तेवढ्या कारणाने ते पुराव्यातून बाद होत नाही; ते संबद्ध आहे काय आणि खरे आहे काय, एवढेच पाहावयाचे. पोलिसांनी बेकायदा मार्ग चोखाळलेले न्यायालय खपवून घेईल असे मात्र कोणी समजू नये, असा इशाराही त्याच निकालात आहे. तथापि इशारा विसरला गेला आणि नियम राहिला. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याच्या १४ व्या कलमाने तर तंट्याचा निकाल लावण्यास उपयोगी पडेल असा कोणताही पुरावा, तो एरवी ग्राह्य असो वा नसो, स्वीकारण्याची मोकळीक त्या न्यायालयांना दिली. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच दिशेने आणखी एक पाऊल टाकले. पतीने पत्नीच्या नकळत मुद्रित केलेली तिची दूरध्वनीवरील संभाषणे घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून पुढे आणता येतील, असा निर्णय देऊन न्यायालयाने पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाचा २०२१ चा विरुद्ध निकाल रद्द केला. पती-पत्नींनी एकमेकांवर पाळत ठेवण्याची वेळ यावी, म्हणजे त्यांच्यातील विश्वास अगोदरच तुटलेला असतो, असा न्यायालयाच्या विचाराचा रोख आहे.

हा रोख चुकीचा आहे असे आम्ही म्हणत नाही. सत्य शोधणे हे न्यायालयाचे काम आहे, आणि बंद दाराआडच्या छळाला साक्षीदार कोठून आणावयाचा? पण याचा बाजारावर होणारा परिणाम न्यायालयाच्या आवारात दिसत नाही. पुरावा कोणत्याही मार्गाने आला तरी चालतो, एवढेच वाक्य गिऱ्हाइकाच्या कानी पडते आणि त्याच वाक्यावर गुप्तहेराची फी वाढते. एक बंधन शिल्लक आहे, ते तांत्रिक असले तरी उपयोगी आहे. इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत दाखल करावयाची तर तिच्यासोबत विहित प्रमाणपत्र हवे, हे जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणूक तंट्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली निःसंदिग्धपणे सांगितले, आणि नव्या साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमात ती अट कायम असून तज्ज्ञाच्या सहीचीही भर पडली आहे. म्हणजे कोणी, कोणत्या यंत्राने मुद्रण केले, हे कागदावर येते आणि मुद्रण करणारा उलटतपासणीला सापडू शकतो. पुष्कळशा अहवालांचा प्रवास न्यायालयापर्यंत होतच नाही, ही निराळी गोष्ट.

या व्यवसायाची दुसरी बाजू न पाहणे अन्यायाचे होईल. पोटगीच्या दाव्यांत दोन्ही पक्षांनी आपल्या मिळकतीचे व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र दाखल केलेच पाहिजे, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये घालून दिला. दंडक उत्तम आहे. पण भावाच्या नावावर दुकान चढवून आपण बेकार असल्याचे शपथेवर सांगणारा पती जेथे आहे, तेथे दोन मुले पदरी असलेल्या स्त्रीने त्याचे प्रतिज्ञापत्र खोटे ठरवावयाचे कसे? पोलीस हा दिवाणी मामला म्हणून हात झटकतात. वकील पुरावा आणा म्हणतात. तिच्यासाठी दुकानाच्या गल्ल्यावर रोज कोण बसतो हे पाहून येणारा माणूस हा मोठाच आधार आहे, आणि रस्त्यावरून दुकानात पाहणे हा गुन्हा नाही. परदेशातील स्थळाने दिलेला पत्ता खरा आहे काय, घरातून निघून गेलेला वृद्ध कोठे आहे, बाजारात येणारा बनावट माल कोणत्या गोदामातून निघतो, या कामांतही पोलिसांच्या अपुऱ्या बळाला अशा माणसांची मदत होते. व्यवसायच बंद करा, असे म्हणणाऱ्यांशी म्हणूनच आम्ही सहमत नाही. बंदीने तो थांबणार तर नाहीच, उलट आज जो पाटी लावून बसतो तो उद्या पाटी काढून बसेल.

खाजगी जीवन हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि तो टप्प्याटप्प्याने अमलात यावयाचा आहे. ज्याची माहिती त्याची संमती, हा त्या कायद्याचा पाया. गुप्तहेराने ही संमती मागावयाची म्हटली तर त्याचा धंदाच संपतो. कायद्यात कायदेशीर हक्क किंवा दावा बजावण्यासाठी आवश्यक अशा वापराला सवलत आहे, आणि पोटगी मागणारी स्त्री तिच्या आधारे निभावून जाईल असे वाटते. पण ज्याने अद्याप दावाच केलेला नाही, ज्याला केवळ मुलीचे कॉलेजातील जुने प्रकरण उकरून काढावयाचे आहे, त्याला ही सवलत कशी मिळावी? आणि या सर्व हक्कांच्या मुळाशी एक साधी अडचण आहे. आपल्यावर पाळत होती हे ज्याला कधी कळतच नाही, त्याने तक्रार कोणाकडे करावयाची आणि कशाची?

तेव्हा कायदा हवा, आणि तो २००७ च्या विधेयकाची नुसती नक्कल असता कामा नये. परवाना, परीक्षा आणि अनामत रक्कम एवढ्यावर समाधान मानले, तर धंद्यातील मोठ्या संस्थांना प्रतिष्ठेची पाटी मिळेल आणि पाळतीखालचा माणूस आहे तेथेच राहील. आमच्या मते प्रत्येक कामाची लेखी मागणी घेणे सक्तीचे असले पाहिजे. तीत गिऱ्हाइकाचे खरे नाव हवे, त्याचा पाळतीखालच्या व्यक्तीशी काय संबंध आणि माहिती कोणत्या हेतूने हवी तेही हवे, आणि खोटा हेतू लिहून देणाऱ्याला शिक्षा हवी. नियामकाला हे दप्तर तपासण्याचा अधिकार हवा. बेकायदा मार्गाने मिळालेली माहिती जाणूनबुजून स्वीकारणारा गिऱ्हाईक हा गुप्तहेराच्या बरोबरीचा आरोपी समजला जावा. अपप्रेरणेची सर्वसामान्य कलमे आजही आहेत, पण ती बहुधा पुस्तकातच राहतात. कायदा करून तो अमलात न आणण्याची कलाही जगात अपरिचित नाही. ब्रिटनने २००१ च्या कायद्यातच खाजगी शोधकांच्या परवान्याची तरतूद केली होती. तेथील एका बड्या साप्ताहिकासाठी इतरांच्या दूरध्वनीवरील निरोप चोरून ऐकणारा खाजगी शोधक २००७ साली तुरुंगात गेला, २०११ मध्ये ते साप्ताहिकही बंद पडले, २०१३ मध्ये सरकारने परवाने देण्याची घोषणा केली आणि परवान्याची ती तरतूद तरीही लागू झालेली नाही. त्या प्रकरणात गिऱ्हाईक आमच्याच व्यवसायातले होते, हेही आम्ही येथे नमूद करतो.

पोलीस हा विषय राज्यसूचीतील आहे. केंद्राची वाट पाहत असतानाही महाराष्ट्र सरकारला काही गोष्टी करता येण्याजोग्या आहेत: दूरध्वनीच्या नोंदी मागविणाऱ्या प्रत्येक पोलीस मागणीपत्राची ठराविक मुदतीने फेरतपासणी, ते कोणत्या गुन्ह्यासाठी होते याची नोंद, आणि गुन्हा नसताना मागणीपत्र गेले असल्यास ज्याच्या नोंदी काढल्या गेल्या त्या नागरिकाला लेखी कळविणे. राहता राहिला प्रश्न जुन्या कागदांचा. मोडलेल्या स्थळाच्या मुलीची छायाचित्रे, तिच्या जाण्यायेण्याच्या वेळा, तिच्या मैत्रिणींचे पत्ते, हे सर्व आज कोणत्या तरी भाड्याच्या खोलीतल्या संगणकात पडून आहे. ते किती दिवस ठेवावयाचे, केव्हा नष्ट करावयाचे आणि नष्ट केल्याचा दाखला कोणाला द्यावयाचा, याविषयीचे कलम नव्या विधेयकाच्या अगदी आरंभी असावे, अशी आमची सूचना आहे.